मागच्या चाकात किती वॅट?

सायकल भिंतीला टेकून उभी आहे, कुणी तिला हातही लावलेला नाही, आणि तरी तिच्या मागच्या चाकात पावणेतीन टनांहून जास्त ओढाताण चालू आहे. हिशोब सोपा आहे. बत्तीस आऱ्यांच्या चांगल्या बांधलेल्या चाकात उजवीकडचे सोळा आरे प्रत्येकी ११० किलोच्या आसपास ताणलेले असतात आणि डावीकडचे सोळा साधारण ६५ किलोला. बेरीज २,८०० किलो. आणि हे सगळं सांभाळणारं चाक एका हाताने उचलता येतं!

या ओढाताणीच्या बरोबर मध्ये, हबच्या पोटात, तुमच्या पायांची ताकद मोजणारं यंत्र बसवता येतं. त्याला पॉवर मीटर हब म्हणतात. असा हब आपल्या आहे त्याच चाकात घालायचा, तर चाक पूर्ण उसवून पुन्हा बांधावं लागतं. म्हणजे एका बाजूला ओहमच्या अंशाअंशाचा हिशोब ठेवणारी इलेक्ट्रॉनिक्स आणि दुसऱ्या बाजूला दीडशे वर्षं मुरलेली आऱ्या-निपलांची कारागिरी. या जोडीत कारागिरीचा वाटा मोठा आहे, असं माझं ठाम मत आहे. गंमतही तिकडेच जास्त आहे.

पिळाचं मोजमाप

हबला वॅट कळतात कसे? साखळी कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचा संच, ओढते, कॅसेट हब फिरवते, आणि हब फिरताना त्याच्या आतल्या एका नळीला पीळ बसतो. हा पीळ डोळ्यांना दिसत नाही, पण नळीवर चिकटवलेल्या स्ट्रेन गेजना तो कळतो. पॉवरटॅप या प्रसिद्ध हबमध्ये असे आठ गेज असतात. पीळ गुणिले फिरण्याचा वेग म्हणजे वॅट. बस, एवढंच गणित.

स्ट्रेन गेज म्हणजे नागमोडी पसरलेली बारीक धातूची पट्टी. ती ताणली गेली की तिचा विद्युतरोध किंचित वाढतो. धातूचा हा गुण लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५६ मध्ये नोंदवला. पण त्याचं मोजमापाचं साधन व्हायला १९३८ उजाडलं, आणि तेव्हा ते एकाच वर्षी, अमेरिकेच्या दोन टोकांना, दोन वेगवेगळ्या माणसांना सुचलं. पूर्वेला एमआयटीत आर्थर रूज भूकंपात उंचावरच्या पाण्याच्या टाक्यांचं काय होतं ते शोधत होते. पश्चिमेला कॅलटेकमध्ये एडवर्ड सिमन्स धक्क्यांची ताकद मोजू पाहत होते. पहिल्या व्यापारी गेजचं नाव पडलं एसआर-४. एस सिमन्सचा, आर रूजचा, आणि चार म्हणजे या शोधाशी संबंधित असलेली चार माणसं. सिमन्स पुढे पॅसाडेनात ओळखले जायचे ते युरोपातल्या प्रबोधनकाळातल्या सरदारासारखा पोशाख करून हिंडणारे गृहस्थ म्हणून!

गेजमधला बदल किती सूक्ष्म असतो? ३५० ओहमचा गेज घ्या. तो हजार भागांत एक भाग ताणला गेला, तर त्याचा रोध वाढतो जेमतेम ०.७ ओहम. हबमधला ताण तर याहूनही कमी असू शकतो. एवढासा फरक नेमका पकडायला गेज एकमेकांना विशिष्ट पद्धतीने जोडतात. ती जोडणी व्हीटस्टन ब्रिज. नाव व्हीटस्टन यांचं, पण ती शोधली सॅम्युअल हंटर ख्रिस्ती यांनी, १८३३ मध्ये. व्हीटस्टन यांनी ती दहा वर्षांनी लोकांपुढे आणली आणि श्रेय ख्रिस्तींचंच असल्याचं स्वतः सांगितलंही होतं. तरी नाव चिकटलं ते चिकटलंच.

तेवढेच वॅट, पीळ वेगळा

सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरने तुम्ही २०० वॅट देत आहात. चाक सेकंदाला चार फेरे मारतंय. हबवर पीळ येतो ८ न्यूटन मीटर. आता चढावर तेच २०० वॅट, पण वेग ताशी १० किलोमीटर. पीळ झाला २४! पायांना जाणवणारी मेहनत तीच, हबच्या नळीला सोसावा लागणारा पीळ तिप्पट. म्हणून घाटात हबला मोजायला भरपूर मिळतं आणि उतारावर जवळजवळ काहीच नाही.

आणखी एक मजा. हँडलवरच्या कॉम्प्युटरमध्ये तुम्ही टायरचा घेर चुकीचा भरलात, तर दाखवलेला वेग चुकेल, अंतर चुकेल, पण वॅट अचूकच राहतील. हबला रस्त्याशी देणंघेणं नाही. त्याला फक्त स्वतःचा पीळ आणि स्वतःचे फेरे माहीत असतात. रिम बदला, टायर जाड घाला, बारीक घाला, वॅटचा आकडा इमानाने तोच येतो.

तरी हबचा आकडा पेडलमधल्या मीटरपेक्षा थोडा कमी दिसतो. यात बिघाड काही नाही. पेडलपासून हबपर्यंत येताना साखळी, दाते आणि डिरेलर आपला कर वसूल करतात. साखळी स्वच्छ आणि तेल घातलेली असेल तर साधारण दोन-तीन टक्के, मळलेली असेल तर जास्त. मला हबचा आकडा म्हणूनच आवडतो. पायांनी किती दिलं यापेक्षा चाकाला किती मिळालं ते तो सांगतो, आणि सायकल पुढे जाते ती चाकाला मिळालेल्यावर.

पेडलला हात न लावता पेडलची मोजणी

मागच्या हबमध्ये बसलेल्या यंत्राला पुढे पाय किती वेगाने फिरतायत ते कसं कळावं? पॉवरटॅपने यावर सुंदर युक्ती काढली. माणूस पेडल मारतो तेव्हा ताकद एकसारखी येत नाही. उजवा पाय खाली जाताना एक भरती, डावा पाय खाली जाताना दुसरी. क्रँकच्या, म्हणजे पेडलच्या दांड्याच्या, एका फेऱ्यात पिळाच्या दोन लाटा. हब या लाटा मोजतो, दोनाने भागतो आणि कॅडेन्स सांगतो. वेगळा चुंबक नाही, वेगळा सेन्सर नाही. मिनिटाला ४० ते १४० फेऱ्यांच्या दरम्यान हे चांगलं जमतं. फार सावकाश किंवा अडखळत पेडल मारलं की हिशोब विस्कटतो.

हबला एक गोष्ट मात्र नीट सांगता येत नाही: उजव्या पायाने किती दिले आणि डाव्याने किती. दोघांचं काम एकाच साखळीतून येतं. तिथे वाटण्या करायला हब बसत नाही.

जर्मनीतला क्रँक, अमेरिकेतला हब

सायकलवर वॅट मोजण्याची सुरुवात हबने झाली नाही. १९८६ मध्ये उलरिच शोबेरर या जर्मन अभियंत्याने क्रँकमध्ये स्ट्रेन गेज बसवले आणि एसआरएम कंपनी उभी राहिली. सायकलपटू ग्रेग लेमाँड तिच्या पहिल्या नामवंत ग्राहकांपैकी. तेव्हा असलं यंत्र इतकं महाग होतं की मोजक्या व्यावसायिकांनाच परवडायचं.

हबची कल्पना नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधून पुढे आली आणि लवकरच ती विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन गावच्या कंपनीकडे गेली. तिचं पुढचं नाव सॅरिस. सुरुवातीचे हब वायरवाले होते. मागच्या चाकाजवळ फ्रेमवर एक रिसीव्हर बसवायचा आणि तिथून वायर हँडलपर्यंत न्यायची. मग रेडिओ आला. आता अडचण अशी की धातूचा हब रेडिओच्या लहरी अडवतो. उपाय म्हणून जी-३ या मॉडेलमध्ये सगळी इलेक्ट्रॉनिक्स डावीकडच्या टोपीत नेली. वजन ३२५ ग्रॅमच्या आसपास, बॅटरी कुठेही मिळणारी नाण्याएवढी सीआर २०३२, आणि अचूकतेचा दावा दीड टक्क्याच्या आतबाहेरचा. २०१९ मध्ये पॉवरटॅप स्रॅम कंपनीने घेतली. तिच्याकडे क्वार्क हे क्रँकवाले मीटर आधीपासून होते.

आधी भोकं मोजा

आता मूळ कामाकडे. तुमच्याकडे मागचं चाक आहे, त्यात हा हब घालायचा आहे. पहिला प्रश्न किमतीचा नाही, भोकांचा. हबची भोकं आणि रिमची भोकं सारखी हवीत. २४ च्या रिमला २४ चा हब, ३२ ला ३२. एखाद-दोन भोकं सोडून भागवण्याचा विचार डोक्यातून काढून टाका.

इथे आपल्याकडची एक मौज. दूधवाले, पेपरवाले, पोस्टमन ज्या काळ्या, उंच, जुन्या इंग्रजी घाटाच्या सायकली वापरत आले, त्यांच्या पुढच्या चाकात ३२ आरे असतात आणि मागच्यात ४०. वजन मागे जास्त, म्हणून आरेही मागे जास्त. ब्रिटनमधली ही पद्धत भारतात तशीच राहिली. त्यामुळे दुधाचे कॅन वाहणाऱ्या सायकलचे वॅट मोजायची इच्छा कुणाला झाली, आणि ती इच्छा मला फार गोड वाटते, तर त्याला मागच्या रिमपासूनच सगळं नवं करावं लागेल. हबची रुंदीही जुळणार नाही. रिम ब्रेकच्या गिअरवाल्या रोड सायकलला मागे १३० मिलिमीटर रुंदीचा हब लागतो, तर डिस्क ब्रेकच्या सायकलींत १३५ किंवा आरपार दांड्याचा १४२.

कॅसेटचंही बघावं लागतं. शिमानोच्या अकरा गिअरच्या रोड कॅसेटला आधीच्या दहावाल्यांपेक्षा १.८५ मिलिमीटर जास्त लांब फ्रीहब, म्हणजे कॅसेट जिच्यावर चढते ती नळी, लागतो. दोन मिलिमीटरसुद्धा नाहीत, पण तेवढ्यावर अख्खं काम अडतं. सेकंडहँड हब घेणाऱ्यांनी हे आधी विचारावं.

चार मिलिमीटरचा प्रश्न

"जुने आरे चालतील ना?" हा सगळ्यांचा दुसरा प्रश्न. बहुतेक वेळा उत्तर नाही. पॉवर मीटर हबचं पोट जाड असतं, आणि आरे जिथे अडकतात ती कड, म्हणजे फ्लँज, नेहमीच्या हबपेक्षा मोठी असते. हब मोठा झाला की त्याच्यापासून रिमपर्यंतचं अंतर कमी होतं. समजा रिमचा कामाचा व्यास ६०० मिलिमीटर आहे आणि आरे तीनदा एकमेकांना ओलांडतात. फ्लँजवरच्या भोकांचं वर्तुळ ४५ मिलिमीटर व्यासाचं असेल तर आरा येतो सुमारे २९३ मिलिमीटरचा. तेच वर्तुळ ७० चं झालं की आरा लागतो २८९ चा. फरक चार मिलिमीटरचा. जुना आरा घातला तर त्याचं टोक निपलच्या (आऱ्याला रिमशी कसणाऱ्या छोट्या नटाच्या) डोक्यातून वर निघून रिमटेपला, आणि मग ट्यूबला टोचेल.

निपलचा आटा इतका बारीक असतो की इंचाला ५६ फेरे. एका पूर्ण फेऱ्याने आरा ०.४५ मिलिमीटर पुढे सरकतो. म्हणून आऱ्याची लांबी मिलिमीटरपर्यंत काढल्याशिवाय दुकानात जाऊ नये. उजव्या-डाव्या बाजूंची लांबीही वेगळी येते. उजवीकडे कॅसेटला जागा द्यायची असल्याने तिकडची फ्लँज आत सरकलेली असते. रिम तर फ्रेमच्या मधोमधच हवी. म्हणून उजवे आरे जास्त उभे आणि जास्त ताणलेले, डावे पसरट आणि सैलसर. सुरुवातीला ११० आणि ६५ किलो म्हटलं, तो फरक इथून येतो.

जुने आरे न वापरण्याचं आणखी एक कारण मेकॅनिक सांगतात, आणि ते पटण्यासारखं आहे. आऱ्याचा वाकडी मान असलेला भाग आधीच्या हबच्या भोकात बसून त्या आकाराचा झालेला असतो. नव्या हबच्या भोकात तो पुन्हा वेगळ्या कोनात वाकतो. आरे बहुतेक तिथेच तुटतात.

बैलगाडीच्या उलट

बैलगाडीचं चाक घ्या. लाकडी आरे जाड असतात, कारण गाडीचं ओझं खालच्या आऱ्यावर दाबून पडतं. सायकलचा आरा दोन मिलिमीटर जाडीचा. तो दाबला तर लगेच वाकेल. म्हणून सायकलच्या चाकात सगळे आरे आधीच ताणून ठेवतात. तुम्ही सीटवर बसता तेव्हा जमिनीजवळच्या तीन-चार आऱ्यांचा ताण कमी होतो, बाकीच्यांत फारसा फरक पडत नाही. ताण कमी होणं हेच त्यांचं ओझं उचलणं. जॉब्स्ट ब्रँट यांनी १९८१ च्या ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात हे मांडलं, तेव्हा पुष्कळांना ते पटेना. सायकल वरच्या आऱ्यांना लटकलेली असते की खालच्यांवर उभी असते, यावर सायकलवेडे अजूनही तावातावाने बोलतात.

तारेच्या आऱ्यांची कल्पना मुळात सायकलसाठी नव्हती. जॉर्ज केली यांना १८०८ मध्ये आपल्या उडत्या यंत्राला हलकी चाकं हवी होती. तिथून ती सुचली. हे आरे सरळ मध्यातून न निघता तिरपे निघावेत, हे जेम्स स्टार्ली यांनी १८७४ मध्ये पेटंट केलं. पॉवर मीटरसाठी हा तिरपेपणा जीवनावश्यक आहे. मध्यातून सरळ निघालेला आरा हबने दिलेला पीळ रिमला नीट देऊ शकत नाही. म्हणून मागच्या चाकात आरे एकमेकांना ओलांडून ओवतात.

पांढरी चारचा आरा

नव्या मेकॅनिकला आरे किती कसायचे ते कळत नाही, जुन्याला कान सांगतो. आरा छेडला की सूर निघतो. दोन मिलिमीटर जाडीचा, २९० मिलिमीटर लांबीचा पोलादी आरा शंभर किलोच्या आसपास ताणला आणि तो कुठे दुसऱ्याला टेकत नसेल, तर त्याची कंपनं सेकंदाला ३५० च्या जवळ येतात. पेटीवर हा सूर पांढरी चार! ओलांडलेले आरे एकमेकांना टेकतात, म्हणून त्यांचा कंप पावणारा तुकडा लहान होतो आणि सूर चढतो. पण एका बाजूचे सगळे आरे सारख्याच सुरात लागायला हवेत, हे कानाला लगेच कळतं. ताण दहा टक्क्यांनी कमी-जास्त झाला की सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने सरकतो. ज्याचा कान तयार आहे, त्याला ताणमापक यंत्राची गरज कमी भासते. मी मात्र यंत्रही वापरावं असंच म्हणेन, कारण कानाला एकसारखेपणा कळतो, किलो कळत नाहीत.

एवढा ताण दिल्यावर आरा किती लांबतो? जेमतेम अर्धा मिलिमीटर. निपलचा एक फेरा पुरा होतो तेवढ्यात.

चाक बांधून झालं की त्याचा आऊट काढायचा. रिम डावी-उजवी डुलते का, वर-खाली उडते का, ते स्टँडवर फिरवून बघायचं आणि पाव-पाव फेऱ्याने निपल फिरवत जायचं. मग सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत जास्त वेळा टाळलं जाणारं काम: शेजारचे समांतर आरे जोडीने मुठीत धरून जोराने आवळायचे, चाकभर. आऱ्यांच्या वाकड्या मानेत अडकलेला ताण त्याने मोकळा होतो आणि आरे पुढे तुटत नाहीत. हे केलं की पुन्हा आऊट बघायचा. पहिल्या काही राइड्सनंतर परत एकदा. हा हब ज्या चाकात बसवला ते चाक वाकडं निघालं, तर वॅट बरोबर येऊनही सायकल चालवायला मजा येत नाही. रस्त्यावरच्या टपरीत गुडघ्यात चाक धरून, डोळे बारीक करून आऊट काढणाऱ्या माणसाच्या हातात जे कौशल्य असतं, त्याच्या तोडीचं काही या हबच्या खोक्यात येत नाही. त्याला पुरेसे पैसे द्या आणि घाई करू नका.

शून्य नीट तर सगळं नीट

चाक लागलं, कॉम्प्युटरने हब ओळखला. आता निघायच्या आधी शून्य करायचं. म्हणजे पेडलवर काहीही भार नसताना हबला सांगायचं की हे तुझं शून्य. स्ट्रेन गेज तापमानाला हळवे असतात. थंड खोलीतून सायकल बाहेर उन्हात काढली की काही मिनिटांत धातू प्रसरण पावतो आणि शून्य सरकतं. म्हणून बाहेर आल्यावर थोडं थांबून शून्य करावं. पॉवरटॅप हबला इथे एक फायदा मिळतो. पेडल न मारता सायकल नुसती धावत असेल तेव्हा हबवर पीळ शून्यच असणार, हे त्याला माहीत असतं, म्हणून उतारावर तो स्वतःच शून्य दुरुस्त करून घेतो. क्रँकवाल्यांना ही सोय इतकी सहज मिळत नाही.

हबवर विश्वास बसत नसेल तर घरी तपासता येतो. मागचा ब्रेक घट्ट दाबून धरायचा, क्रँक आडवा ठेवायचा आणि पेडलला वजन केलेली २० किलोची पिशवी लटकवायची. १७० मिलिमीटरच्या क्रँकवर पीळ होतो ३३.४ न्यूटन मीटर. पुढे ३४ दाते, मागे १७ असतील तर हबला त्याच्या निम्मा मिळतो, म्हणजे १६.७. पॉवरटॅप पीळ इंच-पाउंडात दाखवतो. तिथे १४८ च्या आसपास आकडा आला पाहिजे. फार वेगळा आला तर गेज हललेत किंवा हबला मार लागलाय, असं समजावं. सेकंडहँड घेताना विकणाऱ्याच्या अंगणातच ही चाचणी करावी, त्यात संकोच नको.

टोस्टर, भाकरी आणि सिंहगड

वॅट म्हणजे नक्की किती, हे शरीराला कळावं म्हणून एक प्रसिद्ध प्रयोग झाला. रॉबर्ट फर्स्टेमान हा जर्मन ट्रॅक सायकलपटू, मांड्या इतक्या जाड की प्रेक्षक आधी तेच बघायचे. त्याला सायकलवर बसवून ७०० वॅटच्या टोस्टरला जोडलं. त्याने पावाचा एक तुकडा भाजला आणि तेवढ्यात तो जमिनीवर आडवा झाला. ट्रॅकवरचे असे मल्ल काही क्षणांसाठी २,००० वॅटच्या वर जातात, पण ते क्षणच. ७४६ वॅट म्हणजे एक अश्वशक्ती, आणि ती तासभर टिकवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

आपल्या प्रमाणात बघायचं तर सिंहगड घ्या. सायकलसह तुमचं वजन ७५ किलो आणि तुम्ही ६०० मीटर चढलात असं धरलं, तर गुरुत्वाकर्षणाशी झुंजायला ४४१ किलोज्यूल लागतात. पाऊण तासात वर पोचलात तर सरासरी १६३ वॅट. वारा आणि रस्त्याचं घर्षण यांचा खर्च वेगळा. आणि इथे निसर्गाने केलेली एक सोय आहे. शरीर खाल्लेल्यातला चौथा हिस्सा किंवा त्याहून थोडा कमी भाग कामात बदलतं, बाकीची उष्णता होते. किलोकॅलरी आणि किलोज्यूल यांत फरकही साधारण चौपटीचा. दोन्ही एकमेकांना खोडून काढतात, आणि हबने दाखवलेले किलोज्यूल हाच जवळजवळ तुम्ही जाळलेल्या किलोकॅलरींचा आकडा होतो, किंचित वाढवून धरावा एवढंच. गडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही मागवताना एवढा हिशोब पुरतो.

सपाटीवर मात्र वारा फार लबाड. हवेला भेदायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ताशी ३० वरून ३३ ला जायचं, म्हणजे वेग दहा टक्के वाढवायचा, तर हवेसाठीचे वॅट ३३ टक्क्यांनी वाढतात. वेग दुप्पट, तर वॅट आठपट. हबवर हे पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं की माणूस कोपरे आत घेऊन खाली वाकायला आपोआप शिकतो.

मॉर्झीनचा दिवस

हबने पाहिलेला सर्वांत गाजलेला दिवस २० जुलै २००६. टूर द फ्रान्सचा सतरावा टप्पा, शेवट मॉर्झीनला. आदल्या दिवशी आठ मिनिटांहून जास्त वेळ गमावलेला फ्लॉइड लँडिस एकटाच सुटला आणि जिंकला. त्याच्या मागच्या चाकात पॉवरटॅप होता आणि त्या दिवशीचे वॅट पुढे जाहीरही झाले. शास्त्रज्ञ आणि प्रशिक्षक त्यांचा कीस काढत बसले. पण त्याच टप्प्यानंतरची उत्तेजक द्रव्यांची चाचणी पॉझिटिव्ह निघाली आणि त्याचं टूरचं विजेतेपद काढून घेतलं गेलं. हबचा आकडा खोटा नव्हता. वॅट किती ते हब सांगतो, ते कुठून आले हे त्याला विचारता येत नाही.

चाक आणि सायकल यांचं नातं

आज पेडल आणि क्रँकमधले मीटर जास्त खपतात, आणि त्याला कारण आहे. हब एका चाकाला बांधलेला असतो. रोजच्या सरावाचं चाक वेगळं, शर्यतीचं वेगळं असेल तर दुसऱ्यात वॅट नाहीत. घरात बसवायचे नवे ट्रेनर तर मागचं चाक काढूनच सायकल जोडायला सांगतात, म्हणजे हब कोपऱ्यात उभा. चाक दाबून चालणाऱ्या जुन्या ट्रेनरवर मात्र तो छान काम करतो. उलट ज्याच्याकडे दोन सायकली आणि सारख्याच मापाची कॅसेट आहे, त्याला हबसारखं सोपं काही नाही. एका सायकलचं चाक काढायचं, दुसरीला लावायचं, ब्रेक नीट बसले की झालं. पेडल आणि क्रँक उतरवण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होतं.

आणि रिम ब्रेकवाल्यांसाठी एक शेवटची, फार उपयोगी गोष्ट. हब वर्षानुवर्षं टिकतो, रिम टिकत नाही. ब्रेकच्या रबरांनी तिची कड झिजत जाते, विशेषतः पावसाळ्यात चिखल आणि वाळू मध्ये आली की. बऱ्याच रिमवर झीज दाखवणारी बारीक खाच असते, ती दिसेनाशी झाली की रिम बदलायची. तेव्हा हब उसवू नका. त्याच मापाची, तेवढ्याच भोकांची आणि त्याच कामाच्या व्यासाची नवी रिम आणा, जुन्या रिमच्या शेजारी भोकाला भोक लावून चिकटपट्टीने बांधा, सगळे आरे सैल करा आणि एकेक आरा जुन्यातून नव्यात सरकवत चाकभर फिरा. हब तोच, फ्लँज तीच, म्हणून या वेळी जुने आरेही चालतात. मग कसा, आऊट काढा, जोड्या आवळा, आणि शून्य करून निघा.